सात वेळा 'हव'

यज्ञेश्वर मुंडल्यांची एक गोष्ट रायपूरच्या मराठी घरांत तीस वर्षं हसवत आली होती. मुंज असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपून पानाचं तबक फिरायला लागलं की कोणीतरी म्हणायचंच, "हवालदारसाहेब, ते खेचराचं होऊन जाऊ द्या न!"

मग यज्ञेश्वर आढेवेढे घेत, चष्मा पुसत, आणि सुरू करत.

गोष्ट त्यांच्या फौजेतल्या दिवसांची. ते कारकून होते, डोंगरातल्या एका लहानशा छावणीत. लढाई नव्हती, लढाईची शक्यताही नव्हती. सकाळी कवायत झाली की दिवस खायला उठायचा. मग सुभेदार जवानांकडून रस्त्याकडेचे दगड चुन्याने रंगवून घेई. चुना संपला की गेरूने. पुढच्या महिन्यात परत चुन्याने. "सारी छावणी दगडाईले पोशाख चढवून राहिली होती," असं ते म्हणत, आणि पहिला हशा इथे येई.

छावणीत बिजली नावाची खेचराची एक मादी होती. ती एका थंडीत मेली. पण सुभेदाराने तिला मरू दिलं नाही. कागदावर ती चौदा महिने जिवंत राहिली, चणे खात राहिली, गूळ खात राहिली. तो चणा आणि गूळ कुठे जाई ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग एक दिवस तपासणीला मोठे साहेब यायचं ठरलं. सुभेदाराने वीटभट्टीवरून एक खेचर मागून आणलं, खुरावर काळ्या रंगाने बिजलीचा नंबर घातला आणि उभं केलं. साहेब आले, सलामी झाली, आणि नेमका त्याच वेळी भट्टीवाला फाटकाशी येऊन ओरडला, "मुन्नी!" खेचराने कान टवकारले आणि सलामी देणाऱ्या रांगेसमोरून, साहेबांच्या पुढ्यातून, डुलत डुलत ते मालकाकडे चालू लागलं.

"साहेबानं विचारलं, 'यह कौन आदमी है?' आमचा सुभेदार खाडकन् सलाम मारून म्हणते, 'साहब, इसका मामा है!'"

लोक पोट धरून हसत. गोष्टीला अजून एक शेपूट होतं. चौकशी बसली. खेचर सांभाळणारा जवान छत्तीसगढचाच, हिरालाल. "त्याले काहीबी विचारा, तो म्हणे हव. तूच लपवलं? हव. तूच रंगवलं? हव. सात सवाल, सात वेळा हव! साहेबाले वाटलं, इतका कबूल करणारा गुन्हेगार आपण उभ्या जन्मात पाहिला नाही." छत्तीसगढीत हव म्हणजे हो, हे रायपुरात कोणाला सांगावं लागत नाही. हशा टिपेला जाई. यज्ञेश्वर तिथेच थांबत आणि पानाचा विडा तोंडात टाकत. विडा तोंडात असला की पुढचं कोणी विचारत नाही.

त्यांची पुतणी ईरा लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आली होती. धाकट्या भावाची, भार्गवची ही एकुलती एक मुलगी सिनेमाचं शिकून परत आली आणि एका दुपारी लॅपटॉप घेऊन पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी हजर झाली.

"काका, आपकी खच्चर वाली कहानी पे फ़िल्म बना रही हूँ."

"माह्या गोष्टीवर? काहून?" यज्ञेश्वर हसले. "फौजेवर सिनेमा म्हणजे बंदुका पाहिजे, धूर पाहिजे."

"वही तो! बिना लड़ाई की फ़ौज. देखिए, दुनिया में बहुत बनी हैं ऐसी."

पुढचे आठ-दहा दिवस दुपारी ती त्यांना तसले परदेशी सिनेमे दाखवत होती. भाषा कोणतीही असो, आतली माणसं त्यांच्या ओळखीची निघत. कुठे तळावरचं डिझेल विकणारे सैनिक, कुठे कंटाळून रणगाड्यावर कपडे वाळत घालणारे, कुठे कोठारातले बूट गायब करून आगीचं नाव सांगणारे. सगळे हुशार, सगळे आळशी, आणि लबाडी इतकी थंडपणे करणारे की हसू यायचंच. यज्ञेश्वर गुडघ्यावर थाप मारून म्हणत, "हा पाहा, हा आमचा सुभेदार! फक्त टोपी वेगळी आहे."

पण तिसऱ्या-चौथ्या सिनेमानंतर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. अशा प्रत्येक सिनेमात एक कारकून होता. कुठे कोपऱ्यात, कुठे दाराआड, टंकयंत्रासमोर बसलेला. तो काही चोरत नव्हता, काही बोलत नव्हता. सांगितलेलं तेवढं टाइप करत होता. आणि शेवटी कोणीतरी एक जण गाडीत बसवून नेला जात होता, तोही बहुधा गमतीतच. त्याचं पुढे काय झालं हे कुठलाच सिनेमा दाखवत नव्हता.

ईराने एकदा विचारलं, "काका, वो हिरालाल का बाद में क्या हुआ?"

"काय होणार? घरी गेला," यज्ञेश्वर म्हणाले. "चहा ठेव न वो," असं आत बायकोला, सुनीतीबाईंना ओरडून सांगितलं, आणि विषय तिथेच राहिला.

शूटिंग एका बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात झालं. यज्ञेश्वर रोज वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचत. सलाम कसा करायचा, पट्टा कसा बांधायचा, दगडाला चुना कुठवर लावायचा, सगळं त्यांनी पोरांना शिकवलं. हिरालालचं काम करणारा नट शिशिर धमतरीकडचा, नाटकात मुरलेला. चौकशीच्या प्रसंगाची तालीम चालू असताना तो मध्येच थांबला.

"दीदी, एक बात कहूँ? ये हव हामी के नोहे, हुंकारू के आय."

"मतलब?"

"मतलब जैसे पंडवानी में होता है न. गाने वाला कथा कहता है, बाजू में बैठा रागी बोलता है हव... हव भैया... वो हाँ थोड़े बोल रहा है. वो बोल रहा है, सुन रहा हूँ, आगे बोलो. साहब इतना लंबा सवाल पूछ रहा है, बीच-बीच में रुक रहा है, तो गाँव का आदमी हुंकारू देगा ही."

ईरा यज्ञेश्वरांकडे वळली. "काका? आपको पता था?"

सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"इतकं कुठचं माहीत मले," यज्ञेश्वर म्हणाले. "अन् तो होताच तसा. साधा."

ईराने प्रसंग तसाच ठेवला, कारण हसू त्यातच होतं. पण त्या दिवशी यज्ञेश्वर त्या प्रसंगाचं शूटिंग व्हायच्या आधीच स्कूटर घेऊन घरी निघाले आणि दोनदा रस्ता चुकले. ज्या शहरात लहानाचे मोठे झाले, त्या शहरात.

कारण त्यांना माहीत होतं. त्या छावणीत हे माहीत असलेले ते एकटेच होते.

हिरालाल रायपूरबाहेरच्या सिलतऱ्याजवळच्या गावचा. त्याचा मामा पंडवानी, म्हणजे पांडवांच्या कथा गायचा आणि हिरालाल सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याचा रागी म्हणून बसायचा. पलटणीत त्याच्याइतका चांगला ऐकणारा दुसरा नव्हता. संध्याकाळी बिजलीच्या अंगावर ब्रश फिरवता फिरवता तो ऐके आणि यज्ञेश्वर बोलत. घरची आठवण, आईचं दुखणं, अडकलेली रजा. प्रत्येक वाक्यामागे हिरालालचं हव येई, कधी हळू, कधी लांबवलेलं, आणि त्याने मनावरचं ओझं उतरे. रायपूरचे म्हणून तो यज्ञेश्वरांना हुद्द्याने कधी हाक मारत नसे. भैया म्हणे. बिजली मेली तेव्हा तो तिच्याजवळ बसून रडला होता, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन सुभेदाराला खबर देऊन आला होता. लपवायला सांगितलं ते सुभेदाराने.

चौकशीत साहेबांनी कागदी हिंदीत लांबलचक प्रश्न विचारले. दर प्रश्नात साहेब श्वासाला थांबले की हिरालाल म्हणे, हव. सातवा प्रश्न संपला तेव्हा त्याने मान वर केली. आता त्याची बोलायची पाळी होती. तो म्हणाला, "फेर साहब..."

फेर म्हणजे पण. पण साहेब, एवढंच त्याचं बोलणं झालं. "बस, हो गया," असं म्हणून सुभेदाराने त्याचा दंड धरला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. टंकयंत्रामागून यज्ञेश्वरांनी वर पाहिलं तेव्हा सुभेदार त्यांच्याकडेच बघत होता.

त्या चौदा महिन्यांत बिजलीचा गूळ यज्ञेश्वरांच्या ट्रंकेतूनही घरी आला होता. दर रजेला दोन-तीन ढेपी. सुनीतीबाईंनी संक्रांतीचे लाडू त्याचेच केले होते.

त्यांनी टाइप केलं, जी हाँ. सात वेळा. फेर साहब कुठेच टाइप केलं नाही. जबाब वाचून दाखवायचा नियम होता, तोही पाळला. भराभरा वाचला. हिरालालने त्याच्यावरही हव म्हटलं आणि सही केली. "भैया लिखे हे, त ठीके लिखे होही," असं तो बाजूच्या जवानाला म्हणाला. भैयाने लिहिलंय, म्हणजे बरोबरच असेल.

हिरालालला महिनाभर कोठडी आणि मग नोकरीतून नाव कमी. पाच वर्षांच्या नोकरीवर पेन्शन कसली? सुभेदाराची बदली झाली. यज्ञेश्वर पुढे हवालदार झाले, पूर्ण पेन्शन घेऊन घरी आले आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकुनीला लागले. आठ वर्षांपूर्वी त्या कामानिमित्त ते सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात गेले होते. फाटकावरच्या गार्डने पावती मागायला हात पुढे केला, आणि यज्ञेश्वरांनी गमछा डोळ्यांपर्यंत वर ओढला. त्यानंतर सिलतऱ्याचं काम निघालं की ते दुसऱ्याला पाठवत. पाठदुखीचं कारण सांगत.

सिनेमा तयार झाला. ईराने त्याचं नाव ठेवलं 'खच्चर हाज़िर है'. मराठी सबटायटल लिहायचं काम तिने काकांनाच दिलं, आणि यज्ञेश्वरांनी ते चोख केलं. संहिता समोर ठेवून, वहीत रेघा मारून, डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे मराठी. चौकशीच्या प्रसंगाशी आल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग त्यांनी सात ओळींत सात वेळा लिहिलं, होय.

तेलीबांध्याला ईराच्या मैत्रिणीच्या ऑफिसात एका रविवारी दुपारी चाळीसेक लोकांपुढे पहिला खेळ झाला. पडदे ओढून अंधार केला होता. यज्ञेश्वर पहिल्या रांगेत, शेजारी सुनीतीबाई. दगडांना चुना लागला, लोक हसले. खेचर मामाकडे गेलं, तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे खुर्चीवरून घसरायचे बाकी होते.

मग चौकशी. शिशिरचा चेहरा पडद्याएवढा झाला. "हव," तो म्हणाला, आणि त्याच्या हनुवटीखाली पांढऱ्या अक्षरांत उमटलं, होय. दुसऱ्यांदा, होय. तिसऱ्यांदा हशा पिकला. यज्ञेश्वर त्या अक्षरांकडे पाहत होते. तीस वर्षांनी ते परत त्याच माणसाच्या तोंडाखाली तोच शब्द टाइप करून बसले होते, आणि या वेळी कोणी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलंही नव्हतं.

सातवं हव झालं. शिशिरने मान वर केली, ओठ ओले केले आणि म्हणाला, "फेर साहब..."

प्रसंग तिथे कापला होता. खाली अक्षरं उमटली नाहीत. संहितेत ते वाक्यच नव्हतं.

यज्ञेश्वर उठून बाहेर आले आणि जिन्यावर बसले. थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या, मग ईरा धावत आली.

"काका, तबीयत ठीक है?"

"त्या पोट्ट्याले ते कोणी सांगितलं? फेर साहब?"

"किसी ने नहीं. शिशिर ने ख़ुद से बोल दिया. कहता है, हुंकारू के बाद आदमी अपनी बात शुरू करेगा ही. अच्छा लगा तो रख लिया. क्यों?"

"तो तसाच म्हणाला होता," यज्ञेश्वर म्हणाले. "हेच दोन शब्द. अन् मी लिहिले नाही."

मग त्यांनी तिथे, जिन्यावर, सगळं सांगितलं. माणसं शेजारून उतरत होती, "मस्त हो हवालदारसाहेब!" म्हणत खांद्यावर थाप मारत होती. ईराच्या सिनेमातला कारकून सगळ्यात भोळा, सगळ्यात लाडका होता. त्याला तिने काकांसारखाच चष्मा दिला होता.

"तो वो ज़िंदा हैं?" शेवटी तिने विचारलं.

"सिलतऱ्याले. गार्ड आहे. आठ वर्षांपासून माहीत आहे मले."

"और मैंने पूछा था तो आपने कहा, घर गया." ती उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. "मुझे मत बताइए काका. उनको बताइए. और वो हाँ बोलेंगे तभी ये फ़िल्म कहीं दिखेगी. नहीं तो नहीं."

घरी सुनीतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत सगळं ऐकून घेतलं. "लाडू तर मीच वाटले होते साऱ्या गल्लीत," त्या म्हणाल्या. सकाळी ते निघाले तेव्हा त्यांनी दारातून सांगितलं, "जाताना मिठाईचा डबा-गिबा घेऊ नका. हात मोकळेच राहू द्या."

सिलतऱ्याचा रस्ता काळ्या धुळीचा. झाडांची पानंही राखाडी. यज्ञेश्वरांनी स्कूटर फाटकाच्या बाजूला लावली आणि गमछा तोंडावरून काढून खिशात कोंबला. गार्डच्या खोलीबाहेर स्टुलावर हिरालाल बसला होता. केस पांढरे, पाठ अजून ताठ. फाटकाच्या दोन्ही बाजूंचे दगड चुन्याने रंगवलेले होते.

त्याने नीट पाहिलं आणि तो उठला. "मुंडले भैया."

"ओळखलं?"

"वो दिन घलो चिन्ह डारे रहेंव," हिरालाल म्हणाला. त्या दिवशीही ओळखलं होतं. "गमछा बांधे रहेव. चाय पीहू?"

यज्ञेश्वरांना वाटलं होतं, तो चिडेल, किंवा ओळखच दाखवणार नाही. त्यापेक्षा हे जड गेलं. टपरीवरून दोन ग्लास आले. यज्ञेश्वर स्टुलावर बसले, हिरालाल भिंतीला टेकून उभा राहिला, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"हिरालाल, त्या दिवशी तू हो म्हटलं नव्हतं."

"हव."

"मले समजत होतं. एकट्या मलेच समजत होतं. तरी मी लिहिलं."

"हव."

"तू बोलायले लागला होता. फेर साहब म्हणाला होता. तेही मी सोडून दिलं. गूळ खाल्ला होता न मी."

"हव, भैया."

तोच आवाज होता. बिजलीच्या अंगावरून ब्रश फिरताना यायचा तोच, हळू, शेवटी थोडा लांबवलेला. आणि यज्ञेश्वरांच्या ध्यानात आलं की त्यांना बरं वाटतंय, पूर्वीसारखंच ओझं उतरतंय, आणि याची त्यांना इतकी लाज वाटली की चहाचा ग्लास खाली ठेवावा लागला. आजही बोलत होते ते, आणि ऐकत होता तो. त्याचं काय झालं हे अजून त्यांनी विचारलंही नव्हतं.

"तुझं कसं गेलं रे नंतर?"

हिरालालने फाटकाबाहेर पाहिलं. "बाबू दू बछर नइ गोठियाइस." बाप दोन वर्षं बोलला नाही. "गांव म कहंय, खच्चर चोर." एवढंच म्हणून तो थांबला. यज्ञेश्वरांच्या तोंडून हूं सुद्धा निघालं नाही.

मग त्यांनी सिनेमाचं सांगितलं. ईराचं, शिशिरचं, लोक कुठे हसतात तेही लपवलं नाही. "पोट्टी म्हणते, तू हो म्हणशील तरच दाखवू. तुझी मर्जी नसली तर डब्यात बंद. दाखवू का?"

"हव," हिरालाल म्हणाला.

"अन् मले..." यज्ञेश्वरांनी चष्मा काढून पुसला. "मले माफ करशील?"

"हव."

दोन्ही हव एकसारखे होते. आधीच्या तीन हवांपेक्षा वेगळे नव्हते. यज्ञेश्वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. छावणीत हा फरक कळणारा एकच माणूस होता, आणि आज त्याला तो कळत नव्हता.

"हिरालाल, हे हव म्हणजे हो? का नुसतं ऐकून राहिला?"

हिरालाल पहिल्यांदा हसला. दात थोडेच उरले होते.

"वो दिन तो बिन पूछे लिख डारे रहेव, भैया," तो म्हणाला. "आज काबर पूछथव?"

त्या दिवशी न विचारता लिहून टाकलंत. आज कशाला विचारता?

रस्त्यावर ट्रकने हॉर्न दिला. हिरालालने ग्लास भिंतीवर ठेवला, टोपी सरळ केली आणि फाटक उघडायला गेला. एकामागून एक चार ट्रक आत गेले. प्रत्येकाशी थांबून तो कागद हातात घेत होता, शांतपणे पूर्ण वाचत होता, आणि मगच सही करत होता. यज्ञेश्वर ते पाहत उभे राहिले. पाचवा ट्रक आला तेव्हा त्यांनी स्कूटर काढली.

वळणावर थांबून त्यांनी ईराला फोन लावला.

"क्या बोले काका? हाँ बोला न?"

जी हाँ अगदी ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं. सिनेमा दाखवला गेला असता, पोरीचं नाव झालं असतं, आणि त्यांनाही माफी मिळाल्यासारखी झाली असती.

"हव म्हणाला," यज्ञेश्वर म्हणाले.

"मतलब हाँ?"

"मले माहीत नाही बेटा. जसं म्हणाला तसं सांगून राहिलो. तुले काही ठरवायचं असन तर तू स्वतः ये, त्याच्याजवळ बस, अन् त्याचं बोलून होईपर्यंत उठू नको. मी नाही बसलो तेवढा."

पलीकडे तिने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "और वो सबटायटल? सात जगह होय लिखा है आपने."

"ते खोडून टाक सारे," यज्ञेश्वर म्हणाले. "हवच्या खाली हवच लिही. अन् ते शेवटचं, फेर साहब. त्याच्या खाली काहीच नाही न सध्या?"

"नहीं."

"तिथं लिही, पण साहेब. अन् पुढं तीन टिंबं दे."